परतीचे दोर शाबूत हवेत

३ मे २०२४ रोजी सकाळी महाड येथे एक खासगी हेलिकॉप्टर उतरताना कोसळले. लोकसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता आणि रायगड मतदारसंघातील मतदान ७ मे रोजी, म्हणजे अवघ्या चार दिवसांवर आले होते. शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या नेत्या सुषमा अंधारे यांना पुढील सभेसाठी नेण्याकरिता हे हेलिकॉप्टर आले होते. त्या त्यात बसलेल्या नव्हत्या आणि जीवितहानीही झाली नाही. घटनेची जी चित्रफीत घरोघर पाहिली गेली, तिच्यात जमिनीलगत आलेले, डोलणारे यंत्र आणि त्याच्याभोवती उठलेला धुळीचा लोट दिसतो. क्षणार्धात ते आदळते. दोन दिवस या घटनेची चर्चा झाली आणि मग प्रचाराच्या गदारोळात ती विरून गेली. कोणी दगावले नाही, एवढ्यावर समाधान मानण्याची आपली सामाजिक सवय जुनीच आहे.

महाडहून पोलादपूरमार्गे सह्याद्रीच्या कुशीत शिरले की उमरठ लागते. नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी या गावी आहे. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर तानाजी पडले, मावळे मागे फिरू लागले आणि तेव्हा सूर्याजीने गडावरून खाली सोडलेले दोर कापून टाकले, असे परंपरा सांगते. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मराठी भाषेला या प्रसंगानेच दिला. रणांगणावर तो पराक्रमाचा मंत्र ठरला. परंतु विमान जमिनीवर उतरविण्याच्या विद्येत शहाणपण नेमके याच्या उलट आहे. तेथे परतीचा दोर चाके जमिनीला टेकेपर्यंत शाबूत ठेवावा लागतो. छोट्या खासगी विमानांचे व हेलिकॉप्टरांचे उतरतानाचे अपघात पाहिले, तर हा दोर पुष्कळदा वैमानिकाने नव्हे, तर त्याच्या आधी आणि त्याच्यापासून दूर असलेल्या इतरांनीच कापलेला असतो, असे म्हणण्यास जागा आहे. हे ‘इतर’ कोण आणि त्यांचा हिशेब काय, हा खरा प्रश्न आहे.

अपघातांची मालिका

महाडची घटना एकाकी नाही. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे राज्य शासनाचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच पुन्हा खाली आले, विजेच्या तारांत अडकले आणि जमिनीवर आदळले. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासह त्यातील सर्व सहा जण सुदैवाने वाचले. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षण विमान कोसळले व प्रशिक्षणार्थी वैमानिक जखमी झाली. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात मुंबई विमानतळावर उतरताना एक छोटे खासगी जेट विमान धावपट्टीवरून घसरून मोडले. दृश्यमानता सुमारे ७०० मीटर होती आणि आत असलेले आठही जण बचावले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १९ व २२ तारखांना बारामती परिसरात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमाने अपघातग्रस्त झाली, तेव्हा त्या संस्थेचे उड्डाण-प्रशिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला थांबवावे लागले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यालगत बावधन येथे एक हेलिकॉप्टर धुक्यात उड्डाणानंतर लगेचच कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. ते रायगडचे खासदार सुनील तटकरे यांना घेण्यासाठी मुंबईला निघाले होते. आणि २८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीच्या धावपट्टीलगत उतरताना कोसळलेल्या जेट विमानाने तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा बळी घेतला.

या घटना एका मापाने मोजता येणार नाहीत, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. निलंगा व बावधन येथील अपघात उड्डाणाच्या क्षणाशी निगडित आहेत. कडबनवाडीत विमान शेतात उतरविण्याची पाळी आली. मुंबईत पाऊस होता, महाडला धूळ. प्रत्येक अपघाताचे कारण स्वतंत्र असते व ते ठरविण्याचे काम २०१२ साली स्थापन झालेल्या विमान अपघात अन्वेषण विभागाचे आहे. वर्तमानपत्राच्या पानावर न्यायनिवाडा करणे उचित नव्हे. तथापि साम्याचा एक धागा डोळ्यांआड करता येत नाही. ही सारी याने छोटी होती, बहुतेकांचा संबंध कोणाच्या तरी तातडीच्या प्रवासाशी किंवा प्रशिक्षणाशी होता, आणि ती कोसळली ती आकाशाच्या अथांग पोकळीत नव्हे, तर जमिनीच्या निकट. अमेरिकेत हलक्या विमानांच्या अपघातांच्या ज्या वार्षिक पाहण्या होतात, त्यांतही हेच आढळते. वैमानिकांकडून घडणाऱ्या अपघातांत सर्वाधिक संख्या उतरतानाच्या अपघातांची असते. मात्र त्यांत प्राणहानी तुलनेने कमी होते. या दुसऱ्या गोष्टीतच एक धोका दडलेला आहे. ज्या अपघातात माणसे मरत नाहीत, त्यापासून समाज काही शिकत नाही. महाडच्या अपघाताचे नेमके हेच झाले.

दीड फुटाचा हिशेब

विमान ‘आदळत उतरणे’ म्हणजे काय, हे समजण्यासाठी शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. छोट्या विमानाच्या चाकांचा सांगाडा साधारणतः सेकंदाला दोन ते तीन मीटर एवढा खाली येण्याचा वेग सोसेल, अशा बेताने घडविलेला असतो. तीन मीटरांचा वेग म्हणजे एखादी वस्तू सुमारे दीड फुटावरून सोडल्यास जमिनीला टेकताना तिला जो वेग येतो, तो. आता हा वेग दुप्पट झाला, तर आघाताची ऊर्जा दुप्पट होत नाही, ती चौपट होते. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दीड फुटाचा धक्का सहा फुटांचा होतो. सांगाडा मोडतो, पंखा जमिनीला लागतो, इंधनाची टाकी फुटण्याची शक्यता निर्माण होते. उतरण्याचे सारे कौशल्य हा एवढासा फरक सांभाळण्यात आहे. शेवटच्या काही फुटांवर नाक किंचित उचलून उतरता वेग मोडावयाचा असतो. ते लवकर उचलले तर विमान हवेतच आधार गमावून धपकन खाली बसते. उशिरा उचलले तर पुढच्या चाकावर आदळून चेंडूसारखे उसळते, आणि उसळलेले विमान जबरदस्तीने खाली दाबण्याच्या प्रयत्नात दुसरा आघात पहिल्याहून भारी होतो.

हेलिकॉप्टरची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याला धावपट्टी लागत नाही, म्हणून ते कोठेही उतरू शकते असा लौकिक समज आहे. वस्तुतः त्याला धावपट्टी लागत नाही म्हणूनच जमिनीची अधिक पारख लागते. फिरणाऱ्या पात्यांनी खाली लोटलेली हवा कोरड्या मैदानातील धूळ उडवते. ती वर येऊन पात्यांभोवती फिरते आणि जमिनीपासून दहावीस फुटांवर, म्हणजे नजर सर्वांत आवश्यक असते तेथेच, वैमानिकाला खालची जमीन दिसेनाशी होते. आपण स्थिर आहोत की बाजूला सरकत आहोत, हे त्याला कळत नाही. अशा स्थितीत एक पाय आधी टेकला व कशात तरी अडकला, तर सारे यंत्र त्या पायाभोवती कलंडते. पुढे जाण्याचा वेग अत्यल्प असताना झपाट्याने खाली येऊ लागलेले हेलिकॉप्टर स्वतःच खाली लोटलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडू शकते. मग शक्ती वाढविली तरी ते उचलले जात नाही, उलट अधिक खाली बसते.

यात भर पडते ती उन्हाळ्याची. महाड-पोलादपूरचा तळभाग समुद्रसपाटीहून फार उंच नाही. पण तापमान ४० अंशांवर गेले, की १५ अंशांच्या प्रमाण-हवेच्या तुलनेत तेथील हवा सुमारे आठ टक्क्यांनी विरळ होते. प्रमाण-हवेत एवढी विरळता सुमारे ९०० मीटर उंचीवर आढळते. म्हणजे पोलादपूरच्या शिवारात उभे असलेले हेलिकॉप्टर पात्यांच्या हिशेबाने आंबेनळी घाटाची बरीचशी चढण चढून महाबळेश्वराच्या वाटेवर कोठेतरी उभे असते. त्याची उचलण्याची ताकद तेवढी घटलेली असते. मात्र आत बसणाऱ्यांची संख्या आणि सामानाचे वजन उन्हाने घटत नाही. त्यातून सह्याद्रीच्या अरुंद खोऱ्यांत वारा दिवसभर एका दिशेने वाहत नाही. डोंगराच्या सोंडेआड तो वळतो, दुपारी चढतो, संध्याकाळी उतरतो. वाऱ्याची दिशा दाखविणारी एक साधी कापडी नळी मैदानाच्या कडेला उभारणे हा अशा ठिकाणी उपचार नसतो. ती वैमानिकाची गरज असते.

धुळीचा विचार या परिसराला नवा नाही, हेही येथे आठवावे. रायगडावर होळीच्या माळावर हेलिकॉप्टरे उतरत असत, तेव्हा उडणारी धूळ शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर बसते म्हणून शिवभक्तांनी आक्षेप घेतला आणि १९९६ साली तेथील हेलिपॅड हटविण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद गडावर आले, तेव्हा हा विषय पुन्हा निघाला आणि राष्ट्रपतींनी रोप-वेने गडावर जाणे पसंत केले. श्रद्धेच्या पोटी धुळीचा एवढा विचार आपण करू शकलो, राष्ट्रपतींचा मार्गही त्यासाठी बदलला. मग वैमानिकाच्या डोळ्यांत जाणाऱ्या धुळीचा विचार त्याच तालुक्यात तितक्याच गंभीरपणे का होऊ नये?

माघारीची किंमत

उतरताना काही बिनसले, तर वैमानिकापाशी एक बिनचूक उपाय असतो. तो म्हणजे न उतरणे. शक्ती वाढवावी, वर जावे, फेरी मारून पुन्हा प्रयत्न करावा किंवा सरळ दुसऱ्या ठिकाणी जावे. प्रत्येक प्रशिक्षणार्थी हे पहिल्या काही धड्यांतच शिकतो. तरीही हा उपाय फार थोड्या वेळा योजला जातो. विमान-सुरक्षेच्या क्षेत्रातील ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रवासी विमानांबाबत केलेल्या अभ्यासात असे आढळले, की वेग, उंची किंवा दिशा बिघडलेल्या अवस्थेत धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांपैकी सुमारे ९७ टक्के विमाने माघार न घेता तशीच उतरविली जातात. ज्या कंपन्यांत नियम कडक आहेत, दोन वैमानिक आहेत, प्रत्येक उड्डाणाची यंत्रांकित नोंद तपासली जाते, त्यांची ही स्थिती आहे. मग लहान कंपनीच्या भाड्याच्या हेलिकॉप्टरात काय होत असेल, याचा तर्क अवघड नाही.

असे का व्हावे? वैमानिक अविचारी असतात म्हणून नव्हे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या प्रश्नाकडे पाहील, तर त्याला येथे एक परिचित विषमता दिसेल. माघार घेण्याची किंमत तत्काळ, निश्चित व दृश्य असते. इंधन जाते, वेळ जातो, खाली हार घेऊन उभे असलेले कार्यकर्ते ताटकळतात, आत बसलेला मोठा माणूस घड्याळ पाहतो, आणि परतल्यावर मालक विचारतो की एवढे काय झाले होते. उलट माघार न घेण्याची किंमत अनिश्चित असते. शंभरदा ती द्यावीच लागत नाही. एकशे एकाव्या वेळी ती एकरकमी द्यावी लागते, आणि ती देणारा नेहमी निर्णय लादणाराच असतो असे नाही. वैमानिकाच्या नोकरीची शाश्वती, कंपनीचे पुढील कंत्राट आणि गिऱ्हाइकाची मर्जी हे तीन दगड तराजूच्या एकाच पारड्यात पडतात. दुसऱ्या पारड्यात केवळ एक शक्यता असते. अशा तराजूवर विवेकाने वजन करणे हे व्यक्तीच्या धैर्यावर सोडून देण्याजोगे काम नाही.

जगातील प्रमुख विमान कंपन्यांनी यावर जो तोडगा काढला तो साधा आहे. एका ठरावीक उंचीवर विमान सर्व निकषांत बसत नसेल, तर वैमानिकाने वर जावे आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. म्हणजे त्यांनी माघारीची किंमत शून्य केली. परतीचा दोर कापण्याचा अधिकारच कोणाकडे ठेवला नाही. खासगी व भाड्याच्या छोट्या विमानांच्या व्यवसायात मात्र हा संकेत अद्याप पुरता रुजलेला नाही, कारण तेथे गिऱ्हाईक वैमानिकाच्या पाठीशीच, हातभर अंतरावर बसलेले असते.

सार्वजनिक जीवनातील मोठ्या माणसांचे प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेसाठी निघालेले असताना त्यांचे छोटे विमान खराब हवामानात मैनपुरीजवळ कोसळले. ३ मार्च २००२ रोजी लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचे हेलिकॉप्टर आंध्रातील कैकलूरजवळ तळ्यात कोसळले. १० एप्रिल २०१० रोजी पोलंडच्या अध्यक्षांचे विमान रशियातील स्मोलेन्स्क येथे दाट धुक्यात उतरण्याच्या प्रयत्नात पडून ९६ जण ठार झाले. बारामतीच्या दुर्घटनेनंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जे निवेदन केले, त्यानुसार विमान एकदा माघारी फिरले होते आणि दुसऱ्या प्रयत्नात ते कोसळले. दृश्यमानता सुमारे तीन किलोमीटर सांगितली गेली होती आणि त्या धावपट्टीवर नियमित हवाई वाहतूक नियंत्रण नव्हते, तेथील प्रशिक्षण संस्थांतील माणसेच वैमानिकांना माहिती पुरवीत होती. यातून कोणावर दोष ठेवावयाचा नाही. विमान-अपघाताची चौकशी दोष ठरविण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, हे आंतरराष्ट्रीय कराराचेच तत्त्व आहे. पण राज्याच्या उपमुख्यमंत्र्याला जी धावपट्टी वापरावी लागते तेथेही जमिनीवरील व्यवस्था एवढीच असेल, तर उमरठच्या एखाद्या शेतात ती कितपत असेल?

कायद्याने स्वस्त केलेली घाई

कल्पना करावी, की उद्या एखाद्या मान्यवर नेत्याला उमरठला हेलिकॉप्टरने यावयाचे आहे. निरोप आदल्या दिवशी येईल. शाळेचे मैदान किंवा भात कापून मोकळे झालेले शेत मुक्रर होईल. सार्वजनिक बांधकाम विभागाची माणसे चुन्याने वर्तुळ व त्यात इंग्रजी ‘एच’ आखतील. महसुलाचा कोणी कर्मचारी पाण्याचा टँकर मिळतो का ते पाहील. अग्निशमनाचा बंब तालुक्याबाहेरून घाटवळणांनी यावयाचा. मैदानाकडेची वीजवाहिनी कोणत्या बाजूने गेली आहे, वारा दुपारी कोणीकडून येतो, हे गावातील कोणत्याही मुलाला माहीत असते. पण ते वैमानिकापर्यंत पोहोचविण्याची वाट नसते. कार्यक्रम आटोपला की चुना पुसला जातो आणि पुढच्या वेळी सारे पहिल्यापासून. थोडक्यात, उतरण्याची जागा ही आपल्याकडे एका दिवसाची वस्तू आहे. तिच्यावर केलेला खर्च टिकत नाही आणि तिच्यातून मिळालेले ज्ञानही टिकत नाही.

निवडणुकीत तर या मागणीला पूर येतो. थोड्या दिवसांत असंख्य सभा, मर्यादित हेलिकॉप्टरे, तितकेच मर्यादित वैमानिक. अर्थशास्त्राचा सामान्य नियम असा, की एखादी वस्तू दुर्मिळ झाली की तिची किंमत वाढते आणि वाढलेली किंमत मागणीला लगाम घालते. येथे मात्र तो लगाम कायद्यानेच सैल केला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या ७७ व्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार पक्षाच्या कार्यक्रमाच्या प्रचारासाठी त्याच्या नेत्यांनी विमानाने किंवा अन्य मार्गाने केलेल्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाला अशा ४० नेत्यांची यादी देता येते. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत २०२२ पासून ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, आणि तिच्यात चहा-नाश्त्याचाही हिशेब द्यावा लागतो. मात्र आकाशातून आलेला नेता त्या हिशेबाबाहेर राहतो. पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. परिणामी एका दिवसात आणखी एक सभा बसविण्याचा मोह आवरण्याचे कारण उमेदवारालाही उरत नाही आणि पक्षालाही. दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेतील ही शेवटची, ओढूनताणून बसविलेली सभाच वैमानिकाचा परतीचा दोर सर्वांत आधी कापते.

यावर काही आक्षेप घेतले जातील व ते विचारार्ह आहेत. नेत्याचा वेळ मोलाचा आहे, कोकणातील रस्ते घाटांचे आहेत, मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ च्या सुमारास सुरू झालेले रुंदीकरण दशक उलटून गेल्यावरही रेंगाळलेलेच राहिले. मग हेलिकॉप्टर वापरू नये तर काय करावे? याचे उत्तर असे, की हेलिकॉप्टर वापरण्यास कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती त्याच्या किमतीचा मोठा भाग दुसऱ्यांवर ढकलण्यास. शिवाय ज्या रस्त्याच्या दैन्यामुळे नेत्याला आकाशमार्ग लागतो, त्याच रस्त्यावरून उमरठचा विद्यार्थी व पोलादपूरचा लिपिक रोज जात असतो. वरून जाणाऱ्याला खालच्या खड्ड्यांचा हिशेब कळत नाही, हे या सुविधेचे आणखी एक अदृश्य मूल्य आहे. दुसरा आक्षेप असा, की नियम पुष्कळ आहेत; १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागूही झाला आहे. नियम आहेत हे खरे. पण नियम वैमानिकाला व कंपनीला बांधतात. कार्यक्रम आखणाऱ्याला, घाई करणाऱ्याला आणि मैदान तयार करणाऱ्याला ते जवळजवळ स्पर्शच करीत नाहीत.

साखर आणि तळिये

या प्रश्नाची दुसरी बाजू नेत्यांच्या प्रवासाहून फार मोठी आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. महाड शहर पुराच्या पाण्याखाली होते, रस्ते पाण्याने आणि दरडींनी तुटले होते, बचाव पथकांना पोहोचण्यास विलंब झाला. साखर हे सूर्याजी मालुसऱ्यांचे गाव मानले जाते. ज्यांनी दोर कापले त्यांच्याच गावाला त्या दिवशी बाहेरच्या जगाशी जोडणारा एखादा दोर हवा होता. तीन वर्षांपूर्वी, २८ जुलै २०१८ रोजी, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले होते.

मुसळधार पावसात व ढगांत हेलिकॉप्टरही हतबल ठरते, हे मान्य केले पाहिजे. ते सर्व संकटांवरचा उतारा नव्हे. परंतु पाऊस ओसरल्यावरच्या पहिल्या मोकळ्या तासात जखमीला हलवावयाचे, औषधे उतरवावयाची, तर उतरण्याची जागा आधीपासून ठरलेली, निचरा होणारी, तारांपासून दूर आणि वैमानिकांच्या नकाशावर असावी लागते. अशी जागा त्या तासात तयार करता येत नाही. अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, ती ही. एकाने वापरल्याने ती दुसऱ्याला कमी पडत नाही, पण कोणीही एकटा ती निर्माण करीत नाही.

तेव्हा उपाय याच दिशेने शोधावे लागतील. सह्याद्रीच्या कुशीतील प्रत्येक दुर्गम तालुक्यात निदान दोन-तीन ठिकाणी कायमस्वरूपी उतरण्याच्या जागा असाव्यात. त्यांना विमानतळाचा डामडौल नको. कठीण केलेला, धूळ न उडणारा चौथरा, वाऱ्याची नळी, तारांवर ठळक खुणा आणि स्थानिक दोन-चार तरुणांना दिलेले प्रशिक्षण एवढे पुरे. प्रचारासाठी किंवा खासगी कामासाठी त्या वापरणाऱ्यांकडून भाडे घ्यावे आणि ते त्यांच्या देखभालीस लावावे; ज्याला घाई आहे त्याने घाईची किंमत द्यावी. ७७ व्या कलमातील सवलतीचा फेरविचार व्हावा, निदान हवाई प्रवासाचा तपशील पक्षांनी निवडणुकीनंतर जाहीर करावा. भाड्याच्या प्रत्येक करारात अशी अट असावी, की न उतरता परत फिरण्याचा निर्णय केवळ वैमानिकाचा राहील आणि त्यापायी त्याचा वा कंपनीचा एक पैसाही कापला जाणार नाही. आणि अपघातांचे अहवाल मराठीतून उपलब्ध व्हावेत. कारण मैदान आखणारा अभियंता, परवानगी देणारा तहसीलदार आणि सभा ठरविणारा कार्यकर्ता यांनी ते वाचल्याखेरीज त्यांचा उपयोग अर्धाच राहतो.

यांपैकी कोणतीही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. महाडच्या मैदानात जे यंत्र आदळले, त्यात त्या सकाळी पुढच्या सभेचा प्रवासी अद्याप बसला नव्हता, हा योगायोग होता. योगायोगावर धोरण उभारता येत नाही. उमरठच्या मातीने मराठी माणसाला दोर कापण्याचे शौर्य शिकविले. ते कड्यावरच्या लढाईसाठी होते. आज त्या खोऱ्याला गरज आहे ती दोर राखण्याच्या शिस्तीची. उतरण्यापूर्वी दहा फुटांवरून वैमानिक जेव्हा वर निघून जाईल आणि खाली थांबलेला समुदाय त्याला दूषणे न देता शांतपणे वाट पाहील, तेव्हा ही शिस्त आपल्या सार्वजनिक जीवनात उतरली असे मानता येईल.